देव जिवलग मित्र आणि उग्र रक्षणकर्ता, दोन्ही एकाच वेळी कसा?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती माणसं प्रार्थनेत देवाशी मित्राशी बोलावं तसं बोलतात आणि त्याच देवाच्या कोपाची, विजांची, गारांची स्तोत्रंही म्हणतात. हे कसं जमतं, आणि असा अनुभव खरोखर येतो का? मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले आणि बरीच वर्षं नर्स आहे. अनुभव येतो. देव उग्र होतो तो मैत्रीपोटीच, अशी माझी श्रद्धा आहे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली येशूला पकडलं ती रात्र वाचून पाहा. पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो, यापुढे मी तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणतो. कारण धन्याचं काय चाललंय ते दासाला कळत नसतं, आणि मी तर पित्याकडून ऐकलेलं सगळं तुम्हाला सांगितलं आहे. आपल्या मित्रांसाठी प्राण द्यावा यापेक्षा मोठं प्रेम नाही, हेही तो तिथेच म्हणतो. मग ते सगळे किद्रोन ओहोळापलीकडच्या बागेत जातात. अठराव्या अध्यायात कंदील, मशाली आणि हत्यारं घेऊन शिपाई येतात. येशू लपत नाही. स्वतः पुढे होऊन विचारतो, तुम्ही कोणाला शोधता? "मीच तो आहे" एवढं ऐकून आलेली माणसं मागे सरकून जमिनीवर पडतात. आणि मग तो म्हणतो, मला शोधत असाल तर ह्यांना जाऊ द्या.

मी थांबते ती ह्या वाक्यापाशी. काही वेळापूर्वी ज्यांना मित्र म्हटलं, त्यांच्या आणि हत्यारांच्या मध्ये तो उभा आहे. पेत्र हा शिष्य तलवार उपसून मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान कापतो, तर येशू त्याला तलवार म्यानात घालायला लावतो. लूकच्या शुभवर्तमानात तो त्या माणसाचा कानही बरा करतो. येशूची उग्रता ही अशी आहे. समोरच्याला जमिनीवर लोळवण्याचं सामर्थ्य असताना तो ते मित्रांना वाट मोकळी करून देण्यापुरतंच वापरतो आणि स्वतःचे हात बांधू देतो.

तुम्ही म्हणता त्या विजा आणि गारा बायबलमधल्या अठराव्या स्तोत्रात आहेत. जिवावर उठलेल्या शौल राजाच्या हातून सुटल्यावर, पुढे स्वतः राजा झालेल्या दावीदाने ते गायिलं असं त्याच्या मथळ्यात आहे. देवाच्या नाकपुड्यांतून धूर निघतो, आकाश लववून तो खाली उतरतो, पृथ्वी हादरते. बरेच वाचक इथेच दचकतात. पण स्तोत्राची सुरुवात पाहा: परमेश्वरा, मी तुझ्यावर प्रेम करतो. आणि हा सगळा गडगडाट कशासाठी झाला, तर एका माणसाची हाक त्याच्या कानी पडली म्हणून. सोडवलं का, तर मी त्याला आवडलो म्हणून, असं दावीद स्वतःच सांगतो.

आता माझ्याबद्दल. जळीत कक्षात रात्रपाळीला होते तेव्हा एक तरुण बाई दाखल झाली. स्टोव्हचा भडका उडाला, असं सासरची माणसं दारात उभी राहून सांगत होती, आणि तीही तेच सांगत होती. तिची नजर मात्र सारखी दाराकडे जात होती. मलमपट्टी करताना मी मनात प्रार्थना करत होते, आणि माझी प्रार्थना सौम्य नव्हती. शेजारी बसून ऐकून घेणारा, धीर देणारा देव मला लहानपणापासून ठाऊक होता. त्या रात्री तेवढा मला पुरला नसता. तिच्यावर जे झालं त्याने संतापणारा देव मला हवा होता, आणि तो तिथे आहे हे मला जाणवलं. माझ्या रागापेक्षा त्याचा राग मोठा होता, म्हणून माझा मला आवरता आला. हात न थरथरता पट्टी बांधून झाली. दारातल्या माणसांना बाहेर थांबवा, असं मी डॉक्टरांना स्पष्ट सांगू शकले. नंतर जबाब घेतला गेला तेव्हा ती एकटी होती, आणि जे घडलं ते तिने सांगितलं.

ती वाचली नाही. मग कसला रक्षणकर्ता, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. माझ्याकडे ह्याला सोपं उत्तर नाही. येशू स्वतःही वाचला नाही; त्या रात्रीनंतर त्याला क्रुसावर मारलं. तिसऱ्या दिवशी तो मरणातून उठला ह्यावर माझा विश्वास उभा आहे, आणि त्या बाईचं शेवटचं पान अजून लिहिलं गेलेलं नाही असं मी मानते ते त्यामुळेच. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये दुष्काळात उपासमारीने गेले. ज्या देवाने आपल्याला वाचवलं त्याच्यावर भरवसा ठेवून ह्याच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. देव रक्षण करतो ह्याचा अर्थ मला रमाबाईंच्या आयुष्यातून जास्त कळतो. मुलींना फसवून नेणारी माणसं त्या दुष्काळात टपलेली होती, आणि त्यांच्या आधी कोणीतरी तिथे पोचायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्येही, पुरेशी बोलली जात नाही. देव आपल्या बाजूने उग्र होतो हे आम्ही आवडीने गातो. पण अठरावं स्तोत्र गाणाऱ्या ह्याच दावीदाने आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं, तेव्हा देवाने नाथान संदेष्ट्याला त्याच्याकडे पाठवलं. नाथानाने गरिबाची एकुलती एक कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, दावीद संतापला, आणि नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. देवाला दावीद प्रिय होता, पण उरीयाची बाजू घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. म्हणून "माझ्या शत्रूंचा बंदोबस्त कर" अशी प्रार्थना ओठांवर आली की मी आधी विचारते, प्रभू, ह्या भांडणात दुबळा कोण आहे? कधीकधी उत्तर ऐकून मला फोन उचलून माफी मागावी लागते.