‘जमलं तर बघ ना’

“मॅडम, बॉस झाले म्हणून मैत्रीण राहिले नाही, असं व्हायला नकोय मला.” पहिल्याच भेटीत ती म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नुकतीच टीम लीड झालेली, हाताखाली ७ जण, सगळे कालपर्यंत बरोबरीचे. कामं रखडायची, मग रात्री जागून ती स्वतःच उरकायची. एकदा मात्र सगळ्यांदेखत एका मैत्रिणीवर कडाडली. त्याचा अपराधीपणा, आणि त्यापायी पुन्हा दुप्पट गोडवा.

मैत्री अधिकाराच्या आड येते, ही तक्रार माझ्याकडे नेहमीची. मला ती फारशी पटत नाही.

“काम सांगणारा शेवटचा मेसेज वाचून दाखवा,” मी म्हटलं. तिने फोन काढला. “ए, तो रिपोर्ट जमलं तर बघ ना, घाई नाही.” पुढे दोन हसरे इमोजी.

“हवा कधी होता?”

“दुसऱ्या दिवशी ११ला.”

“मेसेजमध्ये ११ कुठे आहेत?”

ती स्क्रीनकडे बघत राहिली.

मग मी तिला लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा १९३९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. १० वर्षांच्या मुलांचे गट. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. मुलांना विचारात घेणाऱ्याच्या गटात ते चालू राहायचं. गंमत म्हणजे, म्होरक्या झालेला व्हाइट मुलांशी लोकशाहीने वागायला गेला आणि त्याच्या हातून नुसतंच मोकळं सोडणं झालं. तोच पुढे नेतृत्वाचा तिसरा प्रकार म्हणून अभ्यासला गेला. तिथे काम कमी व्हायचं आणि जे व्हायचं तेही सुमार.

“म्हणजे मी व्हाइट,” ती हसली.

तिथेच बसून नवा मेसेज लिहिला: ‘रिपोर्ट उद्या ११ला हवाय. अडचण असेल तर आज ४ पर्यंत सांग, वाट काढू.’ तिला तो उद्धट वाटला. “प्लीज घाला हवं तर,” मी म्हटलं, “पण ११ राहू द्या.” आणि चुकलेलं दाखवायचं असेल तर एकटीला गाठून, त्याच दिवशी. साठवून ठेवलं की मीटिंगमध्ये स्फोट ठरलेला.

पुढच्या आठवड्यात ती रडवेली. मैत्रिणीने नुसतं ‘ओके’ पाठवलं होतं.

“रिपोर्ट आला?”

“पावणेअकराला. पण तेव्हापासून जेवायला हाक मारत नाही.”

“तुम्ही मारलीत?”

नव्हती मारली.