मॅनेजर न होता, नुसतं कोडिंग करत आयटीत पुढे जाता येतं का?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षं झाली, कंपनी टीम लीड करायच्या मागे लागलीय आणि तुम्हाला कोडच लिहायचाय. सर्व्हिस कंपनीत, म्हणजे क्लायंटचं काम माणसं लावून करून देणाऱ्या कंपनीत असाल तर वाढ बहुतेक थांबेल. खोटी आशा दाखवत नाही.

मी हिंजवडीत अशाच एका कंपनीत होते, एका बँकेच्या प्रोजेक्टवर. रात्रीची सेटलमेंट बॅच, म्हणजे व्यवहारांचा हिशोब मिटवणारं आपोआप चालणारं काम, सकाळी शाखा उघडेपर्यंत रेंगाळायची. मग काय, वॉर रूम, सगळ्यांना जोडणारा ब्रिज कॉल, सगळं साग्रसंगीत. नवा सर्व्हर घ्या, असा प्रस्तावही क्लायंटकडे गेला होता. मी क्वेरीचा एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस माहिती कशी शोधतो त्याचा आराखडा, उघडून बसले. व्हेअर क्लॉजमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, कुणीतरी तारखेच्या कॉलमला वेळ छाटणारं ट्रंक फंक्शन लावून ठेवलं होतं. त्यामुळे इंडेक्स (झटपट शोधायची सूची) असून नसल्यासारखा, आणि अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून वाचलं जात होतं. ट्रंक काढलं, 'या तारखेपासून पुढे, दुसऱ्या तारखेच्या आत' अशी अट घातली. त्या रात्री बॅच पहाटेच्या आत संपली. सर्व्हरचा विषय कुणी परत काढला नाही.

अप्रेझलला मॅनेजर म्हणाले, "मॅडम, एका ओळीचा तर बदल होता. तुमची व्हिजिबिलिटी कमी पडते." रेटिंग मधलं. वरचं गेलं त्या ब्रिज कॉलचे मिनिट्स (इतिवृत्त) लिहिणाऱ्याला, कारण त्याचं प्रमोशन ड्यू होतं आणि बेल कर्व्हमध्ये, म्हणजे कोणतं रेटिंग किती जणांना ते आधीच ठरवणाऱ्या पद्धतीत, आमच्या टीमला वरची जागा एकच. (मिनिट्स सुरेख लिहायचा, हे मान्य.) ओळ बदलायला पाच मिनिटं लागतात हो, पण ती शोधायला जे लागतं त्याला त्यांच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये (जीई) तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी रुजवलेली ही 20-70-10 ची वाटणी: वरचे 20 टक्के, मधले 70, तळाचे 10. मायक्रोसॉफ्टने सक्तीचं रँकिंग 2013 मध्ये बंद केलं, आमची एचआर त्यानंतरही तीच स्लाइड कौतुकाने दाखवत होती.

त्या मॅनेजरांशी मी तेव्हा भांडले, पण खरं कारण रेट कार्डात आहे. क्लायंट माणसामागे पैसे देतो. खाली फ्रेशर जास्त, वर महागडे कमी, तरच मार्जिन सुटतं. पगार वाढलेला डेव्हलपर त्या हिशोबात बसत नाही, म्हणून त्याला एक्सेल आणि टाइमशीट सांभाळायला बसवतात. त्याला 'ग्रोथ' म्हणणं हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्यांत आणि बऱ्याच कॅप्टिव्ह सेंटरांत (परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची केंद्रं) मॅनेजर न होता चढायची सीनियर, स्टाफ, प्रिन्सिपल अशी वेगळी शिडी असते. पण शिडी कागदावरच आहे का ते बघा. इंटरव्ह्यूत सरळ विचारा, इथे पुण्यात प्रिन्सिपल इंजिनिअर किती आणि त्यांनी मागच्या महिन्यात कोड लिहिला का. "आमचं कल्चर खूप ओपन आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

हां, सर्व्हिसमध्येही आर्किटेक्ट होऊन मजेत असलेले लोक मी पाहिलेत, आणि चांगले लीडही असतात. घराचा हप्ता मोठा असेल तर हातातलं लीडपद घ्या, जोडीला तयारी चालू ठेवा. नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल तर बायआउट, म्हणजे लवकर सुटायचे पैसे, कोण भरणार ते ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. रिक्रूटरच्या तोंडी शब्दावर पेपर (राजीनामा) टाकू नका.