विमान, विश्वास आणि वजनकाटा

वाचकांचे प्रश्न : वायुसेनेतून निवृत्त झालेले इंजिन फिटर आणि सोलापूरच्या एका ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले) वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, उत्तरं देतात

प्रश्न : काका, सप्रेम सलाम. मी सोलापुरात रेल्वे लाईन्सला राहते. बारावी सायन्स केलं, आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत, आई नर्स आहे. आमच्या तरुण संघात एका पाहुण्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या मिशनच्या विमानसेवेबद्दल सांगितलं. तेव्हापासून मला तेच पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, वाटतं. प्रार्थना गटातल्या एका ताईंना दर्शन झालं की आम्ही प्लॉट विकून पायलटची फी भरावी, पुढचं प्रभू बघेल. मामा म्हणतात, हे खूळ आहे, आधी बी.एड. कर. पैसे, परीक्षा, अपघात यांचा मी इतका विचार करते म्हणजे माझा विश्वास कमी आहे का? आणि सुरुवात नेमकी कुठून करू?
– रूथ (नाव बदललं आहे)

उत्तर : रूथ, तुला सलाम. विश्वासाचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेलं आणि सांगितलं, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वर शास्त्रातलं वचनही ऐकवलं. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, एवढंच तो म्हणाला. बायबलमधला मत्तयाचा चौथा अध्याय काढून वाच. इंधन न मोजता उडायचं, वजन जास्त झालेलं दिसत असताना उडायचं, समोर ढग उतरलेले असताना खिंडीत शिरायचं आणि वर म्हणायचं की प्रभू सांभाळेल, ही तीच उडी आहे. म्हणून तुझा विचार करणं हा विश्वासातला उणेपणा नव्हे. उलट तो विचार तुझ्यात नसता तर मी तुला या वाटेला जाऊ नकोस असंच सांगितलं असतं.

मी जोरहाटला ए.एन. ३२ विमानांवर इंजिन फिटर होतो. अरुणाचलात विजयनगर, मेचुका अशा डोंगरातल्या धावपट्ट्यांवर ती विमानं जायची. विजयनगरला तेव्हा गाडीरस्ता नव्हता. तांदूळ, मीठ, औषध आणि आजारी माणूस, सगळं विमानानेच. प्रत्येक उड्डाणाआधी फॉर्म ७०० वर आम्हाला सही करावी लागे की विमान उडायला योग्य आहे. मी सही करण्याआधी मनात प्रार्थना करायचो, आणि प्रार्थना झाली म्हणून एकही तपासणी कधी सोडली नाही. त्या सहीवर आत बसलेल्या माणसांचा जीव असायचा. देवाने ती माणसं माझ्या हाती सोपवली आहेत असं मी मानायचो, आणि आजही तसंच मानतो.

आता तुला इथल्या इथे करून बघता येईल असं एक गणित देतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फूट उंच आहे. या उंचीवर प्रमाण तापमान १२ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे ४२ अंश होतात, म्हणजे ३० अंश जास्त. जास्तीच्या प्रत्येक अंशामागे साधारण १२० फूट धरायचे. ३० गुणिले १२० म्हणजे ३,६०० फूट. ते १,५०० मध्ये मिळव. होटगी रोडच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला त्या दुपारी आपण ५,१०० फुटांवर आहोत असं वाटतं. हवा विरळ, म्हणून पंखांना उचल कमी, इंजिनाला ताकद कमी, धाव लांब. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. आता लेसोथोचा विचार कर. आफ्रिकेतला हा देश अख्खाच्या अख्खा १,४०० मीटरच्या वर आहे. तिथल्या डोंगरी दवाखान्यांना मिशन एव्हिएशन फेलोशिप या ख्रिस्ती विमानसेवेची विमानं डॉक्टर आणि औषधं पोचवतात. मतेकाने नावाची तिथली एक धावपट्टी जेमतेम ४०० मीटरची आहे, आणि ती संपते तिथे सरळ कडा आहे. अशा ठिकाणी वीस किलो जास्त की कमी यावर सगळं ठरतं. म्हणून या विमानसेवांत प्रवाशाचंही वजन करतात, त्याच्या पिशवीचंही करतात. पाळकसाहेब असोत नाहीतर बाळंतीण, काट्यावर उभं राहावंच लागतं.

हे सगळं वाचून तुझं मन आणखी ओढलं गेलं तर ती चांगली खूण आहे. घाबरून मागे सरलं तरी त्यात लाज नाही. या सेवेला हिशेब ठेवणारे, रेडिओ सांभाळणारे, गोदाम बघणारेही लागतात.

आता प्लॉट. त्या ताईंच्या भक्तीवर मी शंका घेत नाही. पण दर्शन तुला झालेलं नाही आणि प्लॉट तुझ्या आईवडिलांचा आहे. बायबलमध्ये अंत्युखियाच्या मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि मगच बर्णबा आणि शौल यांना पाठवलं. कुणा एकीच्या सांगण्यावरून ते निघाले नाहीत. तूही आधी पाळकांकडे आणि वडील मंडळाकडे जा. पाचारण खरं असेल तर ते चार जणांच्या पारखण्याने विरत नाही.

शिवाय इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे, जी कुणी सांगत नाही. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि सगळा खर्च ५० लाखांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. मिशनच्या विमानसेवांत बहुतेक कार्यकर्त्यांना विमान कंपनीसारखा पगार नसतो. मंडळ्या, नातलग, मित्र दरमहा जो आधार देतात त्यावर त्यांचं घर चालतं. त्या आधारातून बँकेचा हप्ता फिटत नाही. कर्ज काढून पायलट झालेला मुलगा किंवा मुलगी कर्ज फेडण्यासाठी विमान कंपनीत लागते, दहा वर्षं तिथेच जातात, आणि मिशनचं नाव मागे पडतं. त्या मुलांना दोष देत नाही मी. फक्त तुझं तसं होऊ नये असं वाटतं.

म्हणून तुला माझा सल्ला असा, की हातात पाना घेऊन सुरुवात कर. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियरचा, म्हणजे विमान दुरुस्तीचा, अभ्यासक्रम डीजीसीएची (सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतूनच कर. सीएआर १४७ ची (दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थांसाठीच्या नियमाखालची) मान्यता आहे का हे डीजीसीएच्या यादीत स्वतः तपास, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव धरून साधारण चार वर्षं जातात. खर्च पायलटच्या फीचा एक लहान हिस्सा. आणि मिशनच्या विमानसेवांना दुरुस्ती जाणणारी माणसं कायम हवी असतात. जंगलातल्या धावपट्टीवर बिघाड झाला तर शेजारी हँगर नसतो, म्हणून काही संस्थांना वैमानिकाच्या हातालाही ही विद्या असलेली आवडते.

अनुभव घेताना मोठ्या जेट विमानांच्या हँगरपेक्षा एखाद्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेचा हँगर गाठ. बारामतीला अशी सोय आहे, सोलापूरहून दूर नाही. तिथे सेसना १७२ सारखी छोटी पिस्टन इंजिनची विमानं असतात. सेसना २०६, ज्यावर मिशनची कितीतरी कामं चालत आली, ती याच घराण्यातली. आता दुर्गम भागात त्यांना लागणारं अ‍ॅव्हगॅस पेट्रोल मिळणं अवघड झालंय. म्हणून टर्बाइनची सेसना कॅरव्हॅन आणि कोडियाक आली. कोडियाक तर मिशनच्या गरजा समोर ठेवूनच बनवली गेली. दोन्हींना पीटी ६ इंजिन आहे. त्या इंजिनावर काम करायची संधी कुठेही मिळाली तर सोडू नकोस. तुझ्या वडिलांनी आयुष्यभर एसटीची इंजिनं उघडली आहेत. सुट्टीत त्यांच्यासोबत बसून टॉर्क रेंच कसा धरायचा, बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे, उघडलेल्या भागांची नोंद कशी ठेवायची, हे शिकून घे. यापेक्षा चांगली पूर्वतयारी सोलापुरात मला तरी दुसरी दिसत नाही.

पायलटचं दार त्यामुळे बंद होत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असेल तर नेव्हिगेशन, हवामान, नियम या डीजीसीएच्या लेखी परीक्षांचा अभ्यास तू घरी बसून करू शकतेस. पास व्हायला ७० टक्के लागतात. कमावती झाल्यावर, कर्जाविना, मंडळीच्या पाठिंब्याने तास भरता आले तर भर. भारतीय लायसन्स परदेशात जसंच्या तसं चालत नाही, त्या देशाच्या नियमाप्रमाणे बदलून घ्यावं लागतं. त्यानंतरही डोंगरी उड्डाणाचं वेगळं प्रशिक्षण असतं. ज्या संस्थेत जायचंय तिला आजच पत्र लिही आणि भारतातल्या उमेदवाराकडून त्यांना काय हवं ते विचार. देशागणिक त्यांच्या अटी वेगळ्या असतात.

एक भांडवल तुझ्याकडे आधीच आहे. सोलापूरचं पोर मराठी बोलतं, शेजारी तेलुगू ऐकतं, बाजारात कन्नड ऐकतं, हिंदी तर येतेच. पापुआ न्यू गिनीत टोक पिसिन शिकावी लागेल, चाड किंवा मादागास्करला फ्रेंच. नव्या भाषेला न बुजणारा कान तुला इथल्या गल्लीने दिलाय. इंग्रजीवर मात्र मेहनत घे. रेडिओवरचं बरंचसं बोलणं त्यातच चालतं आणि लायसन्ससाठी तिची वेगळी चाचणी असते.

आणि मुलगी म्हणून कुणी तुला अडवलं तर बेटी ग्रीनचं नाव सांग. दुसऱ्या महायुद्धात तिने अमेरिकेत लष्करासाठी विमानं उडवली. मिशन एव्हिएशन फेलोशिपचं पहिलं उड्डाण १९४६ मध्ये तिनेच केलं, मेक्सिकोकडे, एका जुन्या वाको बायप्लेनमधून. या सेवेची पहिली वैमानिक बाईच होती.

मामांना माझा नमस्कार सांग. बी.एस्सी. मात्र पूर्ण कर.

प्रश्न : माझा मुलगा अशाच सेवेची तयारी करतो आहे. आमच्या उपासनेत इक्वेडोरमध्ये मारल्या गेलेल्या पाच मिशनऱ्यांची साक्ष सांगितली, त्यात एक वैमानिक होता. त्या रात्रीपासून मला झोप नाही. लहान विमानं पडतात हेही ऐकते. आईने काय करावं?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तुमची काळजी खरी आहे आणि ती विश्वासाच्या आड येत नाही. धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या वैमानिकाबद्दल पुरतं ऐका. त्यांचं नाव नेट सेंट. ८ जानेवारी १९५६ रोजी कुराराय नदीच्या काठी ते आणि त्यांचे चार साथी भाल्यांनी मारले गेले. विमान पडून नव्हे. विमानाच्या बाबतीत हा माणूस अतिशय सावध होता. एकच इंजिन असलेल्या विमानाचा इंधनपुरवठा मध्येच तुटला तर दुसऱ्या वाटेने इंजिनाला इंधन मिळावं, अशी जोडणी त्यांनी स्वतः बनवली होती. घिरट्या घालणाऱ्या विमानातून लांब दोरीने बादली खाली सोडून जंगलातल्या लोकांना वस्तू पोचवायची युक्तीही त्यांचीच. प्रार्थना करणारा माणूस असा असतो, ताई. तो पर्यायी नळीही बसवतो.

मुलाला विचारा, तू परत फिरू शकतोस का? पापुआ न्यू गिनीत कितीतरी धावपट्ट्या डोंगराच्या उतारावर आहेत. चढाच्या दिशेने उतरायचं, उताराच्या दिशेने उडायचं. उतरताना एक जागा ठरलेली असते, तिच्या पुढे गेल्यावर विमान पुन्हा वर घेता येत नाही. त्या जागेच्या आधी ढग दिसला, वारा फिरला, पट्टीवर डुक्कर आलं, तर मागे वळायचं. खाली आजारी बाई वाट बघत असली तरी वळायचं. हे फार जड असतं. म्हणून तिथली उड्डाणं पहाटेच सुरू होतात, कारण दुपारपर्यंत डोंगर ढगात जातात. बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौल जहाजावर होता, तेव्हा त्याने आधीच बजावलं होतं की या दिवसांत पुढे जाऊ नका. शताधिपतीने तांडेलाचं ऐकलं आणि जहाज फुटलं. थांबा म्हणणारा त्या जहाजावर देवाचा माणूसच होता.

तुमचा मुलगा घरी कसा वागतो ते तुम्हाला माहीत आहे. मोटारसायकलवर हेल्मेट घालतो का, पावसात भीमेच्या पुलावर पाणी आलं असेल तर थांबतो का, चूक झाली तर लपवतो की सांगतो. थांबणारा आणि सांगणारा असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करून निरोप द्या. तसा नसेल तर पाळकांना स्पष्ट सांगा. आईने असं सांगणं ही मोठी सेवा आहे, आणि त्यात प्रेम कमी पडत नाही.

प्रश्न : मला चष्मा आहे, म्हणून मित्र म्हणतात पायलट होणं शक्य नाही. फी भरण्यासाठी एका एजंटने आगाऊ रक्कम मागितली आहे. भरू का?
– स. क., सोलापूर

उत्तर : भरू नकोस. आधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून क्लास २ वैद्यकीय तपासणी करून घे, त्यानंतर क्लास १. चष्म्याने नजर ठरलेल्या पातळीवर येत असेल तर नुसत्या चष्म्यामुळे नकार मिळत नाही. रंगांची ओळख मात्र कसून बघतात, आणि त्यातला दोष पुष्कळांना तोवर माहीतच नसतो. ठिपक्यांच्या पाटीतला आकडा ओळखायची चाचणी सोलापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते. या आठवड्यात तेवढी करून घे आणि मला कळव. एजंटला तोवर एक रुपयाही देऊ नकोस.