तुमच्या मुलाची भूक कमी नाही, त्याला वास्तव कळलं आहे

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. बारावी कॉमर्सला आहे, दहावीला 84 टक्के होते. लेफ्ट बॅक, म्हणजे बचावात डाव्या बाजूला खेळतो, जिल्ह्याच्या संघातून खेळला आहे. माझं सातपूरला छोटं वर्कशॉप आहे. यंदा त्याचं कॉलेज बंद करून पूर्ण वेळ फुटबॉलच करायचा, असं मी ठरवलं आहे. स्पेनमधल्या क्लबची ट्रायल आणि सहा महिन्यांचं ट्रेनिंग मिळवून देतो म्हणून एका एजंटने साडेसहा लाख सांगितले आहेत, त्यातले पन्नास हजार दिले. प्रत्येक मॅचचं मी शूटिंग करतो आणि घरी येताना गाडीत त्याला त्याच्या चुका दाखवतो. गुडघा अधूनमधून सुजतो, पण स्प्रे मारून खेळतो, जिद्दी आहे. दोन वर्षांत आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग) आला नाही तर फुटबॉल बंद करून वर्कशॉपमध्ये यायचं, असं त्याला सांगितलं आहे. अडचण एवढीच, की त्याला भूक नाही. म्हणतो, "मोठा क्लब नाही मिळाला तर गोवा, कोलकाता, कुठेही खेळेन." असलं आज इथे उद्या तिथे आयुष्य मला त्याला द्यायचं नाही. त्याची महत्त्वाकांक्षा कशी वाढवू?
— एक वडील, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकले, आणि ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. गुडघा सुजतो, पण स्प्रे मारून खेळतो. ही जिद्द नाही. स्प्रेने वेदना तेवढ्यापुरती बधिर होते, आतलं काही बरं होत नाही. वारंवार सुजणारा गुडघा लिगामेंटचं किंवा कूर्चेचं दुखणं असू शकतो. लेफ्ट बॅकचा सगळा खेळ धावणं, अचानक थांबणं आणि वळणं यावर चालतो. या आठवड्यात त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या आणि ते 'खेळू दे' म्हणेपर्यंत मैदानावर पाठवू नका. यात धंद्याचा हिशेबही आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्लब करार करण्याआधी मेडिकल घेतो. नावाजलेल्या खेळाडूसाठी क्लब दुखापत बरी व्हायची वाट पाहतो. नवख्या लेफ्ट बॅकसाठी कोणी थांबत नाही, त्याच जागेसाठी बाहेर आणखी मुलं उभी असतात.

आता गाडीबद्दल. नव्वद मिनिटं खेळून, घामेजलेला, कदाचित हरलेला मुलगा शेजारच्या सीटवर बसतो आणि मैदानापासून सातपूरपर्यंत मोबाइलवर स्वतःच्या चुका बघतो. तुम्ही हे प्रेमाने करता, याबद्दल मला शंका नाही. स्वतःचा वेळ आणि पेट्रोल घालून प्रत्येक मॅचला जाणारे वडील किती मुलांना मिळतात! पण चुका दाखवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे, आणि तेही दुसऱ्या दिवशी, शांत डोक्याने. तुमच्या पत्रात त्याचा एकही चांगला पास नाही, अडवलेला एकही हल्ला नाही. तो तुम्हाला काय म्हणतो, हेसुद्धा एकाच वाक्यात आलं आहे, आणि नेमकं ते वाक्य तुम्ही त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून दिलं आहे.

त्या वाक्याकडेच मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. "कुठेही खेळेन" म्हणणाऱ्या मुलाला भूक नाही, असं तुम्ही म्हणता. माझ्या मते त्याला हा पेशा तुमच्यापेक्षा जास्त कळला आहे. भारतात फुटबॉलवर पोट भरणारे बहुतेक खेळाडू असेच जगतात. एक-दोन हंगामांचा करार, मग दुसरं शहर, दुसरी भाषा, दुसरा प्रशिक्षक. आयएसएलखालची, आय-लीग नावाने ओळखली गेलेली राष्ट्रीय लीग, तिच्या खालच्या लीग, गोव्याची लीग, 1898 पासून चालत आलेली कोलकात्याची लीग, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या तालमींच्या, म्हणजे तिथल्या क्लबांच्या स्पर्धा, केरळात हंगामभर चालणारे सातजणांचे सेव्हन्स सामने. यातली काही मैदानं बूट फाडणारी असतात, राहायला एका खोलीत तिघं असतात. तरीही तो पेशाच आहे आणि त्यात मान आहे. सुनील छेत्रींचं नाव तुमच्याही घरात निघत असेल. 2002 मध्ये मोहन बागान क्लबपासून सुरुवात केलेले छेत्री पुढे जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, अमेरिकेतला कॅन्सस सिटी, मग परत भारत, पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा 'ब' संघ, चर्चिल ब्रदर्स असे फिरत 2013 मध्ये बंगळुरूला पोहोचले. देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू इतकी घरं बदलतो, तर तुमच्या मुलाने एका जागी ठाण मांडावं ही अपेक्षा कुठून आली?

आणि 'आयएसएलमध्ये गेला की स्थिर झाला' हेही मनातून काढा. 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी क्लब 2011 मध्ये बंद झाला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच्या आदल्याच वर्षी गेला. पुण्याचा आयएसएल संघ 2019 मध्ये संपला, त्याच्या जागी हैदराबाद आला, हैदराबादने 2022 मध्ये विजेतेपद मिळवलं आणि 2025 मध्ये तो संघही दिल्लीला हलला. त्याच वर्षी जुलैत, भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार संपत आला म्हणून आयएसएलचा पुढचा हंगामच लांबणीवर पडला आणि पाठोपाठ काही क्लबांनी पगार थांबवले. आज इथे उद्या तिथे हे सगळ्यात वरच्या पायरीवरही चुकत नाही. मग दोन वर्षांची मुदत नेमकी कशाची घालता आहात? एकोणिसाव्या वर्षी बरेच बचावपटू जेमतेम वरिष्ठ संघाच्या बाकावर पोहोचतात.

स्पेनचं आता स्पष्ट लिहिते, कारण हा गैरसमज नाशिकमध्येच नाही, सगळीकडे पसरला आहे. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, किंवा सोळा ते अठरा वयाचा खेळाडू युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात जात असेल, असे. सातपूरचा मुलगा यातल्या कशातही बसत नाही. म्हणजे आज तो तिथे गेला आणि फार चांगला खेळला, तरी क्लब त्याला घेऊ शकत नाही. साडेसहा लाखांत मिळेल ते पैसे मोजून घेतलेलं शिबिर आणि जर्सीतला फोटो. दुसरं, एजंटला फिफाचा परवाना लागतो. परवाना क्रमांक मागा आणि फिफाच्या यादीत स्वतः तपासा. अल्पवयीन खेळाडूशी बोलायलाही त्याला आधी पालकांची लेखी संमती लागते. आणि ज्या क्लबला खेळाडू हवा असतो तो क्लब खेळाडूला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. पन्नास हजार लेखी मागणी करून परत मागा. नाही मिळाले तर पोलिसांत तक्रार द्या, पण उरलेले सहा लाख त्यांच्यामागे घालू नका.

कॉलेज बंद करायला माझा ठाम विरोध आहे. बारावीची परीक्षा त्याने यंदाच द्यावी. काही कारणाने राहिलीच तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. पुढच्या पदवीसाठी तर तुम्ही भाग्यवान आहात, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवरच आहे. कोलकात्यात किंवा मडगावात खेळत असतानाही तिथून बी.कॉम. करता येईल. रेल्वे आणि सैन्यदलाच्या खेळाडू भरती आहेत, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पाच टक्के क्रीडा आरक्षण आहे. पण त्यासाठी ठरलेल्या स्तरावरची कामगिरी आणि पदाला लागेल ते शिक्षण, दोन्ही लागतं. प्रशिक्षकाचे डी, सी लायसन्स अभ्यासक्रम खेळतानाच करता येतात. बहुतेक खेळाडूंचे पाय पस्तिशीच्या आधी थांबतात, त्यानंतरची तीस वर्षं त्याला काढायची आहेत.

या पेशात वडिलांनी करायचं एक काम मात्र आहे, आणि तुम्ही ते उत्तम कराल असं मला वाटतं, कारण तुम्ही वर्कशॉप चालवता, ऑर्डर आणि थकबाकी तुम्हाला कळते. माझ्याकडे एक मधल्या फळीतला खेळाडू आला होता, वय एकोणतीस. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या क्लबांचे कागद जपून ठेवलेले. त्यातले निम्मे एकपानी, पगाराचा आकडा आणि सही, बस्स. दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, उपचाराच्या महिन्यांत पगार मिळणार का, याबद्दल एक ओळ नाही. गुडघ्याचं ऑपरेशन त्याने बहिणीच्या पैशांनी केलं. तुमच्या मुलाचा पहिला करार आला की हेच दोन मुद्दे आधी बघा. मग मुदत, पगाराची तारीख, राहण्याची सोय. अठरा पूर्ण होण्याआधी तीन वर्षांपेक्षा लांब करार फिफाच्या नियमांत बसत नाही. दोन महिन्यांचे पगार थकले तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो, हे फार थोड्या मुलांना माहीत असतं. अडलंच तर फुटबॉलपटूंची संघटना आहे, 2006 पासून काम करते.

खेळण्यासाठी पुढचं पाऊल जवळचंच टाकावं. गुडघा बरा झाला की मुंबईच्या लीगमधल्या क्लबांच्या ट्रायल, सुट्टी बघून आणि पंचवटी एक्स्प्रेस पकडून. तिथे वरिष्ठ खेळाडूंसमोर तो किती टिकतो हे एका हंगामात कळेल, आणि त्याचा खर्च तुमच्या आवाक्यात आहे.

दोन वर्षांची मुदत मागे घ्या आणि ती मागे घेतल्याचं त्याला तोंडाने सांगा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. गुडघ्याचा रिपोर्ट काय आला, कोणत्या क्लबकडे जावंसं वाटतं, घरापासून लांब राहायची तयारी कितपत आहे, हे सगळं त्याने मला कळवावं. तुम्ही ते पत्र आधी वाचायचं नाही.