गाडी तापली की बंद, निवली की सुरू

प्रश्न : माझ्याकडे १.२ लिटरची, चार सिलिंडरची, इंजेक्शनवाली छोटी पेट्रोल गाडी आहे. थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते. अर्धा-पाऊण तास चालली की चालता चालताच बंद पडते. आधी झटके नाहीत, मिसिंग नाही, आवाज नाही. मग कितीही सेल्फ मारला तरी इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. वीस मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू. तापमानाचा काटा कायम मध्यावर असतो. गॅरेजमध्ये प्लग आणि पेट्रोल फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, बॅटरीही नवी टाकली. तिथे नेली की बंद पडत नाही आणि स्कॅनरवर कोड येत नाही. आता टाकीतला पंप बदलायचं म्हणतात. बदलू का?

उत्तर : नका बदलू, निदान आत्ता तरी नको. पंप खराब असूही शकतो, पण तो खराब आहे हे अजून कुणी बघितलेलंच नाही. प्लग, फिल्टर, बॅटरी हे सगळं अंदाजानं बदललं गेलं, कारण गाडी तपासली ती चालू असताना. तुमच्या गाडीचा बिघाड बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतच्या वीस मिनिटांतच हजर असतो. जे काही बघायचं ते तेव्हाच बघायला हवं.

तुम्ही दिलेली माहिती फार उपयोगाची आहे. काटा मध्यावर आहे म्हणजे इंजिन ओव्हरहीट होत नाही. काटा वर चढत असता तर मी पुढचं काही न सांगता गाडी टो करून न्या म्हटलं असतं. सिग्नलला थांबताना बंद पडून लगेच सुरू होत असती तर थ्रॉटल बॉडी, आयडलिंगचा व्हॉल्व्ह, कूलंटचा सेन्सर इकडे बघितलं असतं. तुमची गाडी मात्र वेगात असताना एकदम बंद पडते आणि निवल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे उष्णतेनं कुठलातरी विजेचा भाग दगा देतोय, असा माझा पहिला संशय आहे.

पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा आधी स्वतःला आणि गाडीला बाजूला घ्या. इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर तोही दगडासारखा होतो. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. धोक्याचे दिवे लावा.

हे करतानाच नजर आरपीएमच्या काट्यावर टाका. गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर चाकं इंजिनाला फिरवत असतात. इंजिन फिरतंय, तरीही काटा एका क्षणात शून्यावर आला, तर इंजिन किती फिरतंय ही खबरच कॉम्प्युटरला मिळत नाहीये. ती खबर देतो क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा सेन्सर. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर हा सेन्सर बहुधा ठीक आहे आणि पेट्रोलकडे बघायला हवं.

बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर फ्लायव्हीलजवळ किंवा पुढच्या पुलीजवळ, इंजिनाच्या अगदी अंगाला असतो. दोन वायरींच्या प्रकारात आत केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. वर्षानुवर्षं तापून-निवून ती तार आत कुठेतरी तुटते. थंड असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात, तापल्यावर फाकतात. हा सिग्नल गेला की पिस्टन कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून तो स्पार्क आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर दोन्ही थांबवतो. बहुतेक गाड्यांत पंपाचा पुरवठाही तोडतो. त्यामुळेच पंपावर आळ येतो. सेल्फ मारताना पंप बोलत नाही, म्हणून पंप गेला असं समजलं जातं.

माझ्याकडे असाच सेन्सर असलेली एक गाडी आली होती. गाडी बंद पडल्या पडल्या कनेक्टर काढून मी त्यावर मल्टिमीटर लावला, तर मीटर कोरा. सर्किट उघडं. प्रोब तसेच ठेवले. सेन्सर निवत गेला आणि मीटरवर अचानक आकडा उमटला, हजाराच्या थोडा वर, मग सावकाश उतरत ८७० ओहमवर स्थिरावला. गाडी थंड असताना कुणीही तपासला असता तर ८७० बघून सेन्सर चांगला आहे असंच म्हटलं असतं. आकडा थोडा चढणं-उतरणं साहजिक आहे, तांब्याचा रेझिस्टन्स उष्णतेनं वाढतोच. मीटर कोरा होणं मात्र साहजिक नाही. तीन वायरींचा, हॉल प्रकारचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही. तिथे सेन्सरला मिळणारा व्होल्टेज आणि बाहेर येणारा सिग्नल बघावा लागतो.

तुमच्या हातात मीटर नसला तरी तीन गोष्टी तुम्ही करू शकता.

किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि कुणाला तरी मागच्या सीटजवळ कान लावायला सांगा. बहुतेक गाड्यांत पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि गप्प बसतो. बंद पडलेल्या अवस्थेतही गुणगुणला तर पंपाची मोटर आणि तिला वीज सोडणारा स्विच, म्हणजे रिले, सध्या तरी शाबूत आहेत. प्रेशर बरोबर आहे की नाही हे मात्र गेजशिवाय कळणार नाही. अशा इंजेक्शन गाड्यांत ते साधारण ३ बारच्या आसपास असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. अजिबात आवाज आला नाही तर फ्यूजबॉक्समधला तसाच दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा चालतो, त्या जागी लावून बघा. नंबर जुळतोय याची खात्री करा. रिलेच्या आतला डाख तडकलेला असतो आणि गरम झाला की संपर्क सोडतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसरं, टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर टाकीला श्वास घ्यायला वाट नाही. तसंच, टाकी पाव भरलेली असतानाच गाडी जास्त बंद पडते का हेही लिहून ठेवा. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, म्हणून थकलेला पंप कमी पेट्रोलवर लवकर मान टाकतो.

तिसरं, सेन्सर कुठे आहे हे मेकॅनिककडून आधी बघून ठेवा. हात पोहोचत असेल तर बंद पडल्यावर गार पाण्यात पिळलेलं फडकं फक्त त्या सेन्सरवर दाबून धरा. वीस मिनिटांऐवजी दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर चोर सापडला. इंजिनावर किंवा एक्झॉस्टवर पाणी ओतू नका, तापलेलं ओतीव लोखंड तडकतं. रेडिएटरच्या झाकणाला तर हातच लावू नका.

स्पार्क बघायचं काम मेकॅनिकवर सोडा. प्लग हातात धरून ठिणगी बघण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. तो व्होल्टेज हजारांत असतो आणि आसपास पेट्रोलची वाफ असते. टेस्टर लावून बघू दे. स्पार्क आणि इंजेक्टरचा पल्स दोन्ही एकदम गायब असतील तर क्रँक सेन्सर, त्याची वायरिंग किंवा मेन रिले. स्पार्क आहे पण प्रेशर नाही, तर मग खुशाल पंप बदला. चारही सिलिंडरना वेगवेगळी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) असेल तर सगळ्या एकदम जाणं अवघड आहे. एकच सामाईक कॉइलपॅक असेल तर तोही संशयितांत धरा.

कोड येत नाही म्हणून बिघाड नाही असं कुणी म्हणालं तर मानू नका. क्रँक सेन्सरचा पी०३३५ हा कोड असतो, पण सिग्नल क्षणभरात गेला आणि इंजिनही थांबलं, तर कॉम्प्युटरला ते इंजिन बंद केल्यासारखंच वाटू शकतं. कोडपेक्षा लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे आकडे बघा. बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दोनशेच्या आसपास दिसायला हवा. शून्य दिसला तर उत्तर मिळालं. म्हणून गॅरेजमध्ये गाडी नुसती सोडून येऊ नका. बंद पडेपर्यंत तिथेच चालू ठेवायला सांगा, बॉनेट लावून, स्कॅनर जोडून, मोकळ्या हवेत.

प्रश्न : माझी जुनी कार्ब्युरेटरची गाडी लांबून आल्यावर दहा मिनिटं उभी केली की सुरूच होत नाही. पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन आहे. दोष पेट्रोलचा की करंटचा?

उत्तर : चालताना बंद पडत नाही, उभी केल्यावर रुसते, म्हणून आधी पेट्रोलकडे बघा. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत उतरतं आणि इंजिन फ्लड होतं, पेट्रोल जास्त झाल्यानं पेटत नाही. अशा वेळी चोक ओढू नका, अॅक्सिलरेटर पंप करू नका. तो पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. काळा धूर सोडत सुरू झाली तर हेच कारण. कार्ब्युरेटरखालचा इन्सुलेटर जागेवर आहे का, पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला लागून जातोय का, हे बघा.

असं करूनही सुरू झाली नाही तर कॉइलला बोट लावून बघा. गरम असणं ठीक, पण हात ठेववत नसेल तर तिथे चुकीची कॉइल बसली असण्याची शक्यता मोठी. बॅलास्ट रेझिस्टरवर (कॉइलचा करंट आवरणारा वेगळा रेझिस्टर) चालणारी साधारण दीड ओहमची कॉइल थेट १२ व्होल्टला जोडली की ती भाजून निघते. थेट जोडायची कॉइल साधारण तीन ओहमची असते. दोन्ही वायरी काढून कॉइलच्या प्राथमिक (दोन बारक्या) टर्मिनलवर मोजा. पॉइंट निळे-काळे पडले असतील तर कंडेन्सरही नवा टाका.