शाळेतल्या मुलांना आरमाराचा इतिहास आणि दर्यावर्दी परंपरा कशा शिकवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या शाळेत सहावीला इतिहास शिकवता, आणि मुलं गुराब, गलबत, तरांडे ही जहाजांची नावं परीक्षेपुरती पाठ करून विसरून जातात. मी ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत 21 वर्षं इतिहास शिकवतेय. माझं सांगणं एवढंच, की आधी पाणी शिकवा आणि मग आरमार. भरती-ओहोटी, खोली, वारा हे ज्या मुलाला कळलेलं नाही, त्याच्यासाठी कान्होजी आंग्रे म्हणजे फक्त सनावळीतलं एक नाव.

मला हे एका विद्यार्थिनीनं शिकवलं. पहिल्या वर्षी मी वर्ग घेऊन चेंदणी बंदराकडे गेले. सकाळचे अकरा वाजले होते आणि समोर नुसता चिखल. मुलं विचारायला लागली, "बाई, पाणी कुठंय?" मला उत्तर देता येईना. तेव्हा कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, "आज अष्टमी आहे ना बाई, भांग आहे, म्हणजे भरती कमीच. पाणी संध्याकाळी येईल, तेही थोडंच." तिथंच तिनं आम्हाला हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी भरती, आणि तीही उधाणाची. वर्गात कॅलेंडर लावा आणि रोज एका मुलाला फळ्यावर भरतीची वेळ लिहू द्या. पंधरा दिवसांत मुलांना तिथ्याही येतात आणि पावकी-पाऊणकीही.

मग नकाशा काढा. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. मुलांना कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर बोट ठेवायला सांगा आणि म्हणा, "आता जहाज समुद्रात न्या." बोट घोडबंदरवरून वसईला निघतं, नाहीतर ठाण्याकडे वळून कळवा, ऐरोली, बेलापूर करत मुंबई बंदरात उतरतं. पुढे विचारा, त्या काळी वसई कोणाची होती? ठाणं कोणाचं? मुंबई कोणाची? तिन्हींचं उत्तर पोर्तुगीज! 1659 मध्ये आपल्याकडे कामाला असलेले पोर्तुगीज कारागीर काम टाकून का निघून गेले, हे यानंतर मुलांना वेगळं समजावावं लागत नाही. ऐरोलीची मुलं तर रोज याच वाटेच्या काठानं शाळेत येतात.

मुंबईच्या दक्षिणेला समुद्रात असलेल्या खांदेरी बेटाला मी दोन तास देते. 1679 मध्ये महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी यांनी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईहून इंग्रजांची जहाजं वाट अडवायला आली. एका मोठ्या परातीत पाणी घ्या आणि एका बाजूला वाळूचा उतार करा. साबणाच्या चपट्या डबीला गलबत समजा आणि तळाशी खडे बांधलेल्या बाटलीला इंग्रजांचं जहाज. बाटली वाळूत रुतते, डबी थेट काठाला लागते. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागच्या जागी उभं राहतं, हेही सांगा. आपल्या वल्ह्यांच्या होड्या मात्र थळ-नागावकडून रात्री निघत आणि बेटावर सामान पोहोचवून येत. अठराव्या शतकातल्या वर्णनांत एका गलबताला 40 ते 50 वल्ही आहेत, म्हणजे तुमच्या वर्गाएवढी माणसं. मुलांना दोन रांगांत जमिनीवर बसवा, हातात पट्ट्या द्या आणि एकाला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या करा. त्याच्या आरोळीवर सगळ्यांची वल्ही एकदम पडायला हवीत. पहिल्यांदा पट्टीवर पट्टी आपटते. दहा मिनिटांनी ताल लागतो, आणि वर्गातली शांत मुलंही ओरडायला लागतात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण मुलांना जरूर वाचून दाखवा. "ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र" हे सगळ्यांना माहीत असतं, पण मला झाडांचा मजकूर जास्त मोलाचा वाटतो. आंबा, फणस ही झाडं आरमाराच्या उपयोगाची खरी, पण रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये, असं त्यात बजावलंय. अंगणातलं झाड तोडलेलं ज्या मुलानं पाहिलंय, त्याला हे वाक्य लगेच भिडतं.

'नॉट' हे जहाजाच्या वेगाचं माप म्हणजे काय, हे मैदानावर दाखवा. सुतळीला दर 7.2 मीटरवर एक गाठ मारा. एक मूल टोक धरून चालत जाईल, दुसरं सुतळी सैल सोडत राहील. 14 सेकंदांत हातातून जितक्या गाठी जातील तितके नॉट. साधं चालणं अडीच-पावणेतीन नॉट भरतं. जुन्या जहाजांवर वेग असाच मोजत, फक्त दोर लांब असे आणि घड्याळ वाळूचं.

4 डिसेंबरचा नौदल दिन आणि 1971 ची कराचीवरची कारवाई मुलांनी टीव्हीवर पाहिलेली असते, तिथं फार थांबायला नको. 1946 वर मात्र थांबा. 18 फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' तळावर ब्रिटिशांच्या नौदलातल्या भारतीय नाविकांचा उठाव सुरू झाला आणि त्यात ठाण्याजवळच्या 'अकबर' तळाचे नाविकही उतरले. आपल्या शहराचं नाव या गोष्टीत आहे, हे इथल्या मोठ्या माणसांनाही क्वचितच ठाऊक असतं.

दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातला एखादा जुना तांडेल वर्गात बोलवा. त्यांना भाषण करायला लावू नका. जाळं घेऊन या म्हणा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांना वेळही असतो.

खाडीवर न्यायचं असेल तर तेरसेच्या आसपासचा शनिवार धरा. पाऊणपट म्हणजे पावणेदहा, आणि खाडीत इतक्या आत पाणी यायला आणखी थोडा वेळ लागतो. आठला काठावर पोहोचा आणि चिखलाच्या कडेला एक काठी रोवून खूण करा. चिखलात मात्र कोणालाही उतरू देऊ नका, पाय गुडघ्यापर्यंत जातो. दर पंधरा मिनिटांनी पाणी काठीवर किती चढलं ते मुलांना वहीत लिहू द्या.