'ॲनाग्नोरिसिस'ला आत्मज्ञान म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ग्रीक शोकांतिकेवर लिहिताना 'ॲनाग्नोरिसिस' (पात्राला खरं काय ते उमगण्याचा क्षण) या संज्ञेला 'आत्मज्ञान' म्हटलं तर चालेल का? निदान सोफोक्लीजच्या ईडिपससाठी, नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या त्या राजासाठी तरी?

मी म्हणेन, नको. आत्मज्ञान म्हटलं की आपल्याला गुरुकृपा आणि समाधी आठवते. ज्याला ते झालं तो सुटला. ईडिपस सुटत नाही, सापडतो. शिवाय ॲरिस्टॉटलने व्याख्या साधीच ठेवली आहे: अज्ञानातून ज्ञानाकडे पालट, ज्यामुळे माणसं एकमेकांची आप्त किंवा वैरी ठरतात. म्हणजे मुळात समोरचा कोण, हे कळणं. एस्किलसच्या नाटकात इलेक्ट्राला भाऊ आल्याचा सुगावा लागतो तो केसांच्या बटेवरून आणि पावलांच्या ठशांवरून. तिथे आत्म्याचा काय संबंध?

'अभिज्ञान' बरा, पण त्याला शाकुंतलातल्या अंगठीचा वास आहे. खुणेवरून पटणारी ओळख ॲरिस्टॉटलला सगळ्यांत कमी कसबाची वाटते. घटनांच्या ओघातच जी उलगडते ती उत्तम, आणि तिचं उदाहरण म्हणून तो ईडिपसच देतो.

मला साधं 'ओळख पटणे' आवडतं. मृतदेहाची ओळख पटली, आरोपीची ओळख पटली, असं आपण रोज वाचतो. या नाटकात नेमकं तेच घडतं. आधीचा राजा लायस, म्हणजे खरं तर आपलाच बाप, याचा खुनी शोधायला निघालेला राजाच शेवटी आरोपी निघतो. त्याची बायको आणि खरं तर आईच असलेल्या योकास्टाला हे त्याच्या आधी उमगतं आणि 'तू कोण आहेस हे तुला कधीच न कळो' असं म्हणून ती आत जाते.

आंधळेपणाची गंमत मूळ शब्दांत जास्त आहे. चिडलेला ईडिपस आंधळ्या द्रष्ट्या टायरेशियसला कानांनी, बुद्धीने आणि डोळ्यांनी आंधळा म्हणतो. ग्रीक ओळीत 'त'चा नुसता मारा आहे. थोड्याच वेळात तो उपरोधाने स्वतःला 'मेदेन एइदोस ओइदिपूस' म्हणवतो, म्हणजे 'काहीच न जाणणारा ईडिपस'. नावाचा रूढ अर्थ 'सुजलेल्या पायांचा', पण इथे कानाला 'ओइदा'ही ऐकू येतं. ओइदा म्हणजे 'मी जाणतो', मुळात 'मी पाहिलेलं आहे'. संस्कृतातलं 'वेद' हे क्रियारूप त्याचं सख्खं भावंड.

म्हणून अनुवाद करणाऱ्यांना एक विनंती. डोळे फोडून घेतल्यावर ईडिपस म्हणतो, मेल्यावर पाताळात बापाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहिलं असतं, ठाऊक नाही. आपल्या हातून इथे 'कोणत्या तोंडाने' सहज लिहून जाईल, कारण मराठी वळण तेच. पण इथे डोळेच राहू द्यावेत. आणि 'ठाऊक नाही' तर मुळीच गाळू नये. मूळ वाक्यात तिथेही 'ओइदा'च आहे.